विद्यार्थ्यांचे नाटक : पोस्टर, कार्यक्रमपत्रिका आणि दर्शनी मांडणी

महाराष्ट्रात विद्यार्थ्यांच्या नाटकाला मोठी परंपरा आहे. औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या मिलिंद महाविद्यालयाची स्थापना १९५० साली झाली आणि पुढे पाच-सहा वर्षांतच तेथील विद्यार्थ्यांनी प्रा. म. भि. चिटणीस यांचे ‘युगयात्रा’ हे नाटक रंगमंचावर आणले. पुण्यात महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेची पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धा १९६३ साली सुरू झाली आणि तिच्यातून महाविद्यालयीन मुलामुलींच्या कित्येक पिढ्या रंगभूमीवर आल्या. आजही महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात, वसतिगृहात, जयंतीच्या कार्यक्रमात आपली मुले हौसेने नाटक बसवतात.

तालमी महिना-दोन महिने चालतात. पोस्टर, कार्यक्रमपत्रिका आणि नाट्यगृहाच्या दाराशी करावयाची मांडणी ही कामे मात्र शेवटच्या चार दिवसांवर टाकली जातात आणि ज्याचे अक्षर बरे त्याच्या गळ्यात पडतात. मग पोस्टरवर वार असतो पण वेळ नसते. पत्रिकेत नेपथ्य उचलणाऱ्या मुलांची नावे राहून जातात. प्रेक्षक दाराशी वीस मिनिटे ताटकळतात आणि त्यांना पाहण्यासारखे तेथे काहीच नसते. ही कामे गौण समजली जातात, परंतु ती तशी नाहीत. नाटक कोणासाठी आहे हे पोस्टर सांगते, ते कोणाच्या कष्टाने उभे राहिले हे पत्रिका सांगते आणि ते कशासाठी केले हे दर्शनी मांडणी सांगते. थोडक्या पैशांत ही तिन्ही कामे नीट कशी करावीत, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

उदाहरणासाठी महात्मा जोतीराव फुले यांचे ‘तृतीय रत्न’ हे नाटक घेऊ. ते १८५५ साली लिहिले गेले. एका गरोदर कुणबी बाईला आणि तिच्या नवऱ्याला ग्रहांची भीती घालून जोशी लुबाडतो, पाद्री त्या दोघांशी बोलतो, विदूषक मधूनमधून सडेतोड बोलून घडणाऱ्या गोष्टींचा अर्थ उलगडतो आणि अखेरीस ते जोडपे रात्रीच्या शाळेत शिकायला जाण्याचे ठरवते. पात्रे थोडी, नेपथ्य साधे आणि विषय आजही जिवंत, म्हणून विद्यार्थ्यांना ते करण्याजोगे आहे. जोतीरावांचे निधन १८९० साली झाले. आपल्याकडे लेखकाच्या पश्चात साठ वर्षांपर्यंत स्वामित्वहक्क राहतो, त्यामुळे मूळ नाटकाला आता तो लागू नाही. मात्र त्याचे कोणी अलीकडे केलेले रूपांतर घेतले असेल, किंवा दुसऱ्या हयात लेखकाचे नाटक असेल, तर लेखी परवानगी आधी घ्यावी आणि तसा उल्लेख पत्रिकेत करावा.

१. आधी एक वाक्य लिहावे

रंग, चित्र, कागद यांच्याकडे वळण्यापूर्वी दिग्दर्शक, पोस्टर करणारा आणि पत्रिका करणारा यांनी एकत्र बसून आपल्या प्रयोगाचे मर्म एका वाक्यात लिहून काढावे. ‘तृतीय रत्न’साठी ते असे होईल : अक्षर न येणाऱ्या माणसाला कोणीही लुटू शकतो, आणि त्यावर उपाय शाळा हा आहे. येथे ‘तृतीय रत्न’ म्हणजे विद्या, माणसाचा तिसरा डोळा. एवढे निश्चित झाले म्हणजे चित्र सुचण्यास वेळ लागत नाही. पाटी, कंदील, उघडे पंचांग, अंगठ्याचा ठसा यांपैकी एकच वस्तू निवडावी. चारही वस्तू एका पोस्टरवर आल्या तर एकही लक्षात राहत नाही. निवडलेले चित्र पोस्टर, पत्रिकेचे मुखपृष्ठ आणि दर्शनी फलक या तिन्ही ठिकाणी तेच ठेवावे. चौकात पोस्टर पाहिलेल्या माणसाला नाट्यगृहाच्या दाराशी तेच चित्र दिसले की आपण योग्य जागी आलो हे त्याला कळते.

२. पोस्टर

रस्त्याने जाणारा माणूस पोस्टरसमोर थांबत नाही, तो चालता चालता पाहतो. म्हणून मजकूर तीन पायऱ्यांत लावावा. पहिली पायरी नाटकाच्या नावाची व चित्राची, ती लांबून दिसली पाहिजे. दुसरी दिवस, तारीख, वेळ आणि स्थळ यांची, ती चार-पाच पावलांवरून वाचता आली पाहिजे. तिसरी लेखक, दिग्दर्शक, सादर करणारी संस्था आणि संपर्काची, ती जवळ येऊन वाचली तरी चालते. आपल्याकडे बहुधा उलटे घडते. प्रमुख पाहुणे, अध्यक्ष आणि देणगीदार यांची नावे व छायाचित्रे वरच्या अर्ध्या भागात बसतात आणि नाटकाचे नाव खाली कोपऱ्यात जाते. मान्यवरांचा मान राखावयाचा तो पत्रिकेत आणि व्यासपीठावर राखावा.

अक्षर किती मोठे असावे यासाठी एक सोपा हिशेब आहे. दहा फुटांवरून सहज वाचता यावे असे वाटत असेल तर अक्षराची उंची सुमारे एक इंच हवी. तीस फुटांवरून, म्हणजे रस्त्याच्या पलीकडून नाव दिसावयाचे असेल तर तीन इंच हवी. डबल क्राऊन कागद २० × ३० इंचांचा असतो, त्यावर तीन इंचांचे नाव उत्तम बसते. ए-३ कागद २९७ × ४२० मिलिमीटरचा, म्हणजे साधारण पावणेबारा × साडेसोळा इंचांचा असतो. तो जिन्यात, वाचनालयात, वसतिगृहाच्या फलकावर लावण्यास योग्य असतो, चौकात मात्र तो हरवून जातो.

रंग निवडताना उठाव पाहावा. काळ्यावर लाल अक्षर संगणकाच्या पडद्यावर उठून दिसते, पण कागदावर आणि संध्याकाळच्या उजेडात बुडते. पिवळ्यावर काळे, पांढऱ्यावर गडद निळे, काळ्यावर पांढरे हे लांबून स्वच्छ वाचता येते. पोस्टर उन्हात राहणार असेल तर छापील लाल आणि पिवळा आधी उडतात हेही ध्यानात ठेवावे. तारीख-वेळ म्हणून लाल रंगात छापू नये.

ज्यांनी आजवर नाट्यगृहाची पायरी चढलेली नाही अशा प्रेक्षकांचा विचार येथे विशेष करावा लागतो. विद्यार्थ्याची आई कामावरून थेट येणार असेल, वडील रिक्षा लावून येणार असतील, तर त्यांच्या मनात काही प्रश्न असतात. पैसे पडतील का? लहान मूल आणले तर चालेल का? नाटक किती वाजता सुटेल, शेवटची बस मिळेल का? हे प्रश्न कोणी विचारत नाही, आणि उत्तर न मिळाल्यामुळे ती माणसे येत नाहीत. ‘प्रवेश विनामूल्य. लहान मुलांना घेऊन यावे. प्रयोग रात्री ८ वाजता संपेल’ अशा एका ओळीने जे काम होते ते चार रंगांच्या छपाईने होत नाही. स्थळ लिहिताना सभागृहाच्या नावापाठोपाठ जवळची खूण लिहावी. केवळ इंग्रजीत छापलेले पोस्टर पाहून ज्या माणसांना वाटते की हा कार्यक्रम आपला नाही, त्यांच्यासाठीच तर आपण ‘तृतीय रत्न’ करतो!

क्यूआर कोड छापावयाचा असल्यास खुशाल छापावा, परंतु तारीख, वेळ आणि स्थळ त्याच्या आत लपवू नये. मोबाईलवर पाठवावयाची प्रत निराळी करावी. मोठ्या पोस्टरचा फोटो काढून पाठविल्यास तिसऱ्या पायरीचा मजकूर वाचता येत नाही. मोबाईलच्या प्रतीत नाव, चित्र, तारीख, वेळ, स्थळ एवढेच मोठ्या अक्षरांत ठेवावे.

पोस्टर कोठे लावावे, यालाही नियम आहेत. भिंती व सार्वजनिक जागा विद्रूप करण्यास प्रतिबंध करणारा कायदा महाराष्ट्रात १९९५ सालापासून आहे. त्यामुळे घरमालकाची, दुकानदाराची किंवा नगरपालिकेची परवानगी घेतल्याशिवाय पोस्टर चिकटवू नये. किराणा दुकान, पिठाची गिरणी, केशकर्तनालय, वाचनालय, विहार अशी माणसे थांबतात ती ठिकाणे निवडावीत. गिरणीत दळण होईपर्यंत माणूस दहा मिनिटे उभा असतो, तो पोस्टर शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो. प्रयोग झाल्यावर दुसऱ्या दिवशी पोस्टरे उतरविण्याची जबाबदारी दोघांवर आधीच सोपवावी. पुढच्या वर्षी परवानगी सहज मिळते.

३. देवनागरी अक्षरांची पथ्ये

पोस्टरकलेवरची पुष्कळशी माहिती इंग्रजी अक्षरे डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली असते. देवनागरीचे स्वतःचे नियम आहेत. आपल्या अक्षरांना वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार असतात. म्हणून दोन ओळींमध्ये जागा जास्त सोडावी लागते. ‘तृतीय’ वर आणि ‘रत्न’ खाली अशा दोन ओळी केल्या तर ‘तृ’चा ऋकार खालच्या ‘रत्न’च्या शिरोरेषेला टेकतो. तेवढी जागा ठेवून, किंवा खालचा शब्द थोडा उजवीकडे सरकवून ही अडचण सोडवता येते. इंग्रजीप्रमाणे अक्षरांमध्ये अंतर टाकून शब्द ताणू नये, शिरोरेषा तुटते आणि शब्दाची सुटी अक्षरे दिसू लागतात. संगणकावर अक्षर आडवे ओढून जाड करू नये, त्याऐवजी त्याच वळणाचा ठळक फाँट घ्यावा. एका पोस्टरवर दोनपेक्षा जास्त वळणे नकोत.

नाटकाचे नाव शक्य तर हाताने काढावे. मराठी नाटकांच्या वृत्तपत्रीय जाहिरातींतील नावे कमल शेडगे (१९३५-२०२०) यांनी वर्षानुवर्षे हाताने रेखाटली. नाटकाचा स्वभाव अक्षराच्या वळणात कसा उतरतो याचा तो उत्तम वस्तुपाठ आहे. र. कृ. जोशी (१९३६-२००८) हेही याच वाटेवरचे मोठे नाव. सुलेखनाचा व्यासंग असलेल्या या कलावंताने संगणकासाठी ‘मंगल’ हा देवनागरी फाँट तयार केला. विद्यार्थ्यांनी त्यांची नक्कल करू नये, परंतु त्यांची कामे समोर ठेवून अक्षराकडे पाहण्याची सवय जरूर लावून घ्यावी. ‘तृतीय रत्न’चे नाव खडूने पाटीवर लिहून त्याचा फोटो घेतला तरी चित्र आणि अक्षर ही दोन्ही कामे एकदम साधतात, आणि खर्च खडूचा!

४. छपाईच्या दुकानात जाण्यापूर्वी

कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फाँटात टाइप केलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडल्यास अगम्य अक्षरे दिसतात. शक्यतो युनिकोडमध्ये टाइप करावे आणि छापखान्यात देताना सर्व अक्षरे कर्व्ह करून पीडीएफ द्यावी. कर्व्ह केलेला मजकूर पुन्हा दुरुस्त करता येत नाही, म्हणून मूळ फाईल वेगळी जपून ठेवावी. फोटो प्रत्यक्ष छापावयाच्या आकारात दर इंचाला ३०० ठिपक्यांचा असावा. व्हॉट्सॲपवरून फिरून आलेला फोटो मोठा केला की फाटतो. कागदाच्या कडेपर्यंत रंग हवा असेल तर चारही बाजूंनी तीन मिलिमीटर रंग जास्त वाढवून ठेवावा, कापताना पांढरी रेघ राहत नाही. झेरॉक्सवर काढावयाचे असेल तर हा नाद सोडावा, कारण ते यंत्र कडेने थोडी जागा कोरीच ठेवते.

पन्नास-शंभर प्रतींसाठी डिजिटल छपाई किंवा झेरॉक्स परवडते. हजार प्रती असतील तर ऑफसेट स्वस्त पडते, कारण प्लेटचा खर्च सर्व प्रतींवर विभागला जातो. पैसे कमी असतील तर रंगीत कागदावर एकाच काळ्या शाईत छापावे. पिवळ्या कागदावर छापलेली काळी पाटी चार रंगांच्या गुळगुळीत पोस्टरपेक्षा कोठेही कमी दिसत नाही. पत्रिकेसाठी ८० जीएसएमचा मॅपलिथो कागद पुरेसा असतो. चकचकीत आर्ट पेपर सभागृहाच्या दिव्याखाली चमकतो आणि वाचणाऱ्याला त्रास होतो.

५. कार्यक्रमपत्रिका

ए-४ कागद मधोमध घडी घातला की चार पानांची पत्रिका होते. पहिल्या पानावर नाव, चित्र, तारीख आणि स्थळ. दुसऱ्यावर नाटकाविषयी शंभरेक शब्द, प्रवेश आणि पात्रपरिचय. तिसऱ्यावर पडद्यामागचे सर्व लोक. चौथ्यावर संस्थेची माहिती आणि आभार. मजकूर जास्त असेल तर आठ पाने करावीत, सहा पाने सेंटर पिनमध्ये होत नाहीत, पाने चारच्या पटीतच वाढतात. आठ पानांसाठी दोन कागद लागतात. पहिल्या कागदाच्या एका बाजूस पाने ८ व १, दुसऱ्या बाजूस २ व ७. दुसऱ्या कागदाच्या एका बाजूस ६ व ३, दुसऱ्या बाजूस ४ व ५. कोऱ्या कागदाची घडी घालून, हाताने आकडे टाकून डमी करावी आणि तीच छापखान्यात सोबत द्यावी.

नाटकाची माहिती लिहिताना शेवट फोडू नये. पात्रांची नावे रंगमंचावर येण्याच्या क्रमाने द्यावीत, म्हणजे ज्या प्रेक्षकाला मुलांचे चेहरे ओळखीचे नाहीत त्यालाही कोण कोण ते लागते. प्रयोग किती मिनिटांचा आहे आणि मध्यंतर आहे की नाही हे छापावे.

पत्रिकेतील सर्वांत महत्त्वाचा भाग नावांचा. नट टाळ्या घेतो. प्रकाशयोजनेच्या खोलीत बसलेल्या मुलीला, पडदा ओढणाऱ्याला, चौकटी ठोकून देणाऱ्या सुताराला, नऊवारी शिवून देणाऱ्या बाईंना टाळ्या मिळत नाहीत. छापलेले नाव हाच त्यांचा मान. वसतिगृहातल्या एखाद्या मुलाचे नाव आयुष्यात प्रथमच छापून येत असते आणि तो कागद त्याच्या घरी भिंतीला लागतो किंवा ट्रंकेत जपला जातो. अशा वेळी नाव चुकीचे छापले गेले तर ती प्रुफाची चूक राहत नाही, मनाला लागते. म्हणून पुढील पद्धत पाळावी.

(अ) तालमीच्या पहिल्या दिवसापासून एक वही ठेवावी. जो कोणी कामाला हात लावेल त्याचे नाव आणि काम त्याच दिवशी लिहावे. शेवटी आठवून लिहिले की चार नावे हमखास राहतात.

(आ) आपले नाव कसे छापावे हे प्रत्येकाने स्वतः लिहून द्यावे. कोणाला वडिलांचे नाव हवे असते, कोणाला आईचे, कोणाला आडनाव नको असते. हा ज्याचा त्याचा अधिकार आहे, पत्रिका करणाऱ्याने परस्पर ठरवू नये.

(इ) प्रूफ आले की प्रत्येकाने आपल्या नावापुढे सही करावी. सही होईपर्यंत कागद छपाईला जाऊ नये.

(ई) सर्व नावे एकाच आकाराच्या अक्षरांत छापावीत. दिग्दर्शकाचे नाव स्वतंत्र ओळीत येईल, पण चहा आणून देणाऱ्याचे नाव बारीक अक्षरांत टाकण्याचे कारण नाही.

‘आणि ज्ञात-अज्ञात सर्व’ असे लिहून आभार उरकण्याची प्रथा सोडावी. वही नीट ठेवली तर अज्ञात कोणी उरत नाही.

६. दर्शनी मांडणी

प्रेक्षक साधारण पंधरा-वीस मिनिटे आधी येतात. हा वेळ शिक्षणाचा आहे. नाट्यगृहाच्या प्रवेशदालनात किंवा शाळेच्या व्हरांड्यात पाच फलक पुरतात. ‘तृतीय रत्न’साठी ते असे लावता येतील.

पहिला फलक नाटकाच्या इतिहासाचा. जोतीरावांनी हे नाटक १८५५ साली दक्षिणा प्राइज कमिटीकडे दिले. कमिटीने ते स्वीकारले नाही, आणि ही हकीकत त्यांनी पुढे ‘गुलामगिरी’ या १८७३ सालच्या ग्रंथात नमूद केली. लेखकाच्या हयातीत बाजूस पडलेले हे नाटक विसाव्या शतकात छापून सर्वांसमोर आले. दुसरा फलक नावाच्या अर्थाचा. तिसरा पात्रांचा, त्यात विद्यार्थ्यांनी काढलेली पोशाखांची रेखाटने आणि कापडाचे छोटे तुकडे लावावेत. चौथा शाळांचा, १८४८ साली पुण्यात फुले दांपत्याने सुरू केलेली मुलींची शाळा आणि १८५५ सालची कष्टकऱ्यांसाठीची रात्रशाळा यांची माहिती द्यावी. नाटक लिहिले त्याच वर्षी रात्रशाळा निघाली, हे कळले म्हणजे नाटकाच्या शेवटाचा अर्थ प्रेक्षकाला अधिक पोहोचतो. पाचवा फलक आपल्या तालमींचा. त्यात वाचन, भांडणे, हशा, नेपथ्य रंगविणे सर्व आले पाहिजे. रंगमंचाची पुठ्ठ्याची छोटी प्रतिकृती केली असेल तर ती या फलकासमोर कमी उंचीच्या टेबलावर ठेवावी, म्हणजे लहान मुलांनाही दिसते.

फलकाचा मध्य जमिनीपासून सुमारे पाच फुटांवर असावा. एका फलकावर शंभर शब्दांहून अधिक मजकूर नको, उभा असलेला माणूस त्याहून जास्त वाचत नाही. फलक तीन फुटांवरून वाचला जातो, तेव्हा अक्षर २८ ते ३० पॉइंटांहून लहान नसावे. पॉइंटाच्या मापात वरच्या-खालच्या चिन्हांची जागाही धरलेली असते, म्हणून आकड्यापेक्षा अक्षर लहान दिसते. कल्पनेने काढलेले चित्र आणि खरे छायाचित्र यांत भेद करावा आणि कोणते काय आहे ते खाली लिहावे. इंटरनेटवर मिळालेले प्रत्येक चित्र त्या काळचे असते असे समजू नये. संगणकाने तयार केलेले चित्र तर जुने छायाचित्र म्हणून कधीच लावू नये.

सजावटीसाठी थर्माकोल वापरू नये, महाराष्ट्रात त्यावर २०१८ साली बंदी आली. जुने पुठ्ठे, बांबूच्या कामट्या, तरट, जुन्या साड्या यांतून उत्तम फलक उभे राहतात. कागद चिकटविण्यास मैद्याची खळ चांगली. दार, जिना आणि बाहेर पडण्याची वाट यांच्या आड काहीही उभे करू नये. मध्यंतरात गर्दी एकदम बाहेर येते, आणि दुर्घटना घडली तर हीच वाट माणसांना वाचवते.

फलकाजवळ दोन विद्यार्थी उभे ठेवावेत. ज्यांना वाचता येत नाही किंवा दिसत कमी, त्यांना त्यांनी मजकूर वाचून दाखवावा. कोणी विचारण्याची वाट पाहू नये आणि कोणाला अवघडल्यासारखे होऊ देऊ नये. ‘आजी, हे चित्र मी काढलंय, सांगू का?’ एवढे म्हटले की पुरे. शाळेचे महत्त्व सांगणारे नाटक पाहण्यास आलेल्या आजीबाई दारातच अक्षरांपाशी अडून राहिल्या, तर आत रंगलेल्या प्रयोगाला फारसा अर्थ उरणार नाही.

७. वेळापत्रक आणि जतन

चार आठवडे आधी मर्मवाक्य आणि चित्र ठरवावे. तीन आठवडे आधी पोस्टरचा कच्चा नमुना भिंतीला लावून तीस फुटांवरून पाहावा आणि नाटकाशी संबंध नसलेल्या दोघांना दाखवून ‘कधी, कोठे, किती वाजता’ एवढेच विचारावे. दोन आठवडे आधी पोस्टर लागले पाहिजे. पत्रिका मात्र घाईने छापू नये, पात्रे शेवटपर्यंत बदलतात. आठवडाभर आधी प्रूफ आणि तीन दिवस आधी छपाई हे ठीक. फलक आदल्या दिवशी उभे करावेत.

पोस्टरवर व पत्रिकेवर सालासह तारीख छापावी. ‘रविवार, ता. १२ रोजी’ एवढे आज पुरते, परंतु वीस वर्षांनी तो कागद हाती घेणाऱ्याला साल कळत नाही. पोस्टर व पत्रिकेच्या प्रत्येकी दोन प्रती, नावांची वही आणि फलकांचे फोटो संस्थेच्या किंवा महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ठेवावेत. प्रयोग दोन तासांत संपतो, नेपथ्य मोडून परत जाते, मुले शिकून गावोगाव पांगतात. त्यांनी काय केले हे पुढच्या तुकडीला सांगणारा पुरावा म्हणजे हे चार कागद. ते नीट केले आणि जपले, तर पुढच्या वर्षी नाटक बसविणाऱ्या मुलांना कोऱ्या पाटीपासून सुरुवात करावी लागणार नाही.